वॉर्ड ८-ए मधली वाफ

४ मार्च २००३. हाँगकाँगच्या क्वाँग वा हॉस्पिटलमध्ये ६४ वर्षांचे डॉ. ल्यू जियानलुन वारले. ते चीनमधल्या ग्वांगचौचे मूत्रपिंडतज्ज्ञ. घरच्या लग्नासाठी हाँगकाँगला आले होते आणि मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर एक रात्र राहिले होते. त्याच दिवशी शातिन भागातल्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटलमध्ये, वॉर्ड ८-ए मध्ये, २६ वर्षांचा एक स्थानिक तरुण ताप आणि खोकल्याने दाखल झाला. काही दिवसांपूर्वी तो त्याच हॉटेलच्या त्याच मजल्यावर एका ओळखीच्या माणसाला भेटून आला होता.

दोघांनाही सार्सच्याच, म्हणजे माणसाकडून माणसाला होणाऱ्या एका गंभीर न्यूमोनियाच्या, विषाणूने गाठलं होतं, पण तेव्हा त्या आजाराला नावही नव्हतं. डॉ. ल्यू यांच्या खाटेभोवती मोठा उद्रेक झाला नाही. तरुणाच्या खाटेपासून, थेट किंवा एकाकडून दुसऱ्याकडे असं होत, दोन-तीन आठवड्यांत १३८ जण आजारी पडले.

मी बरीच वर्षं छातीच्या वॉर्डात काम केलं आणि आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. संसर्ग-नियंत्रणाचा तास मी हात धुण्याच्या तक्त्यापासून सुरू करत नाही, या दोन खाटांपासून सुरू करते. शहर एक, विषाणू एक, पंधरवडाही तोच. मग एवढा फरक कुठे पडला? माझ्या मते तो खाटेजवळच्या पहिल्या काही मिनिटांत पडला. रुग्णाला तपासणं आणि वॉर्डाला संसर्गापासून वाचवणं ही आपण दोन वेगळी खाती मानतो. वॉर्ड ८-ए मध्ये ती एकच होती.

खाटेजवळ काय कळलं, काय राहिलं

डॉ. ल्यू स्वतः डॉक्टर होते. ग्वांगचौमध्ये अशाच न्यूमोनियाच्या रुग्णांवर आपण उपचार केले आहेत, हे त्यांनी क्वाँग वा मध्ये आल्यावर सांगितलं. ते ऐकून तिथल्या लोकांनी त्यांना वेगळं ठेवलं आणि स्वतःची काळजी घेतली. तपासणीचे अहवाल आले नव्हते, विषाणूचा पत्ता नव्हता. सगळं हललं ते रुग्णाच्या तोंडच्या एका वाक्यावर.

तरुणाला २४ फेब्रुवारीपासून ताप होता. थंडी वाजत होती, अंग दुखत होतं, खोकला होता. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग होता. तरणाबांड माणूस, स्वतःच्या पायाने चालत आलेला, व्हेंटिलेटर लागेल अशी अवस्था नव्हती. नेहमीच्या न्यूमोनियाची अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि त्याला जनरल वॉर्डातली खाट मिळाली. यात कुणाचा हलगर्जीपणा शोधायला मी तयार नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत त्या दिवशी हेच झालं असतं.

पण दोन गोष्टींवर थांबायला हवं. चीनने ११ फेब्रुवारीला ग्वांगडाँग प्रांतातले ३०५ रुग्ण आणि ५ मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेला कळवले होते. त्यानंतर हाँगकाँगमधली रुग्णालयं जागी झाली होती, मात्र लक्ष ठेवलं जात होतं ते गंभीर न्यूमोनियावर, म्हणजे अतिदक्षता विभागात जाणाऱ्या रुग्णांवर. हा तरुण त्या जाळ्यातून अलगद निसटला. माणूस किती आजारी आहे आणि तो दुसऱ्याला किती आजारी करू शकतो, ही दोन वेगळी मापं आहेत. वॉर्डात आपण पहिलंच माप लावतो.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. 'बाहेरगावी गेला होतात का?' असं त्याला विचारलं असतं तर उत्तर 'नाही' असंच आलं असतं, आणि ते खरंही असतं. तो कुठे गेलाच नव्हता. आजार त्याच्या शहरात चालत आला होता, तोही हॉटेलच्या लिफ्टने. विचारायला हवा होता तो प्रश्न साधा आहे: गेल्या पंधरा दिवसांत कुणाला भेटलात, कुठे बसलात, आणि त्यातलं कुणी आजारी आहे का? माझ्या विद्यार्थिनींना मी हा प्रश्न शब्द न बदलता पाठ करायला लावते. प्रवासाचा रकाना केस पेपरवर छापलेला असतो, भेटीगाठींचा नसतो.

वाफ

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. छातीतला कफ सुटावा म्हणून त्या तरुणाला सालब्युटामॉलची वाफ सुरू केली गेली. जेट नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करणारं मशीन, मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजनच्या जोरावर, दिवसातून ४ वेळा, सलग ७ दिवस.

हे दृश्य आपल्याला परकं नाही. मास्कच्या दोन्ही बाजूंनी पांढरं धुकं बाहेर पडतं, रुग्ण मध्येच खोकतो, मास्क नाकावरून घसरतो, नातेवाईक तो हाताने धरून बसतात, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस कुतूहलाने बघत राहतो. दहा मिनिटांनी मशीन पुढच्या खाटेकडे सरकतं. 'वाफ दिली की बरं वाटतं' ही श्रद्धा रुग्णापेक्षा आपल्या स्टाफची जास्त आहे.

नंतर याच रुग्णालयातल्या १३८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात छातीच्या तपासणीबद्दलचं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं: फुप्फुसांच्या तळाशी श्वास आत घेताना करकर ऐकू येत होती, शिट्टी मात्र नव्हती. सालब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. जिथे शिट्टीच नाही, तिथे या औषधाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्या तरुणाच्या छातीत पहिल्या दिवशी नेमकं काय ऐकू आलं, यावर मी बोलणार नाही. पण वाफेची ऑर्डर लिहिण्याआधी स्टेथोस्कोप लावून 'शिट्टी आहे का?' एवढं ठरवणं हे औषधाचं शास्त्र आहे आणि संसर्ग-नियंत्रणाचंही. जी वाफ द्यायची गरज नव्हती ती दिली नाही, तर तिने काही पसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

वाफेनेच विषाणू पसरला का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत नेब्युलायझेशन हे धोकादायक तुषार उडवणाऱ्या प्रक्रियांत धरलेलं नाही. कारण धुकं तयार होतं ते मशीनच्या कपातल्या औषधाचं, रुग्णाच्या घशातलं नव्हे. हा मुद्दा बरोबर आहे. पण रुग्ण त्याच मास्कमध्ये श्वास सोडतो, खोकतो, आणि आतल्या वाऱ्याच्या जोराने ती हवा बाजूच्या भोकांतून बाहेर फेकली जाते. प्रिन्स ऑफ वेल्समध्येच काम करणारे प्रा. डेव्हिड हुई यांनी नंतर श्वास घेणाऱ्या पुतळ्यावर धूर आणि लेसरचा प्रकाश वापरून हे मोजलं. निरोगी फुप्फुसाच्या स्थितीत जेट नेब्युलायझरच्या मास्कमधून सुटलेली हवा सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत गेली. फुप्फुस गंभीर खराब असल्याच्या स्थितीत ती ८० सेंटिमीटरच्याही पुढे गेली. आपल्या जनरल वॉर्डातल्या दोन खाटांमधलं अंतर एकदा टेपने मोजून पाहा.

त्यात वॉर्डाच्या हवेची भर पडली. वातानुकूलनात हवा आत येण्याचा आणि बाहेर ओढली जाण्याचा मेळ बसत नव्हता, असं नंतरच्या अभियांत्रिकी अभ्यासात दिसलं. वॉर्डातल्या इतर रुग्णांचे आकडेही तेच बोलतात. त्या काळात तिथे असलेल्या ७४ रुग्णांपैकी ३० जणांना लागण झाली. तरुण ज्या भागात होता तिथे हे प्रमाण ६५ टक्के, शेजारच्या भागात ५२ टक्के, लांबच्या भागांत १८ टक्के. फक्त हाताने आणि थेंबांनी पसरलं असतं, तर शेजारच्या भागात इतकं प्रमाण का असावं?

परीक्षा द्यायला आलेली मुलं

हा भाग शिकवताना माझा आवाज दर वेळी जड होतो.

प्रिन्स ऑफ वेल्स हे हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाचं, विद्यार्थी जिथे शिकतात ते रुग्णालय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वैद्यकीय विद्यार्थी वॉर्ड ८-ए मध्ये खाटेजवळची प्रात्यक्षिक परीक्षा द्यायला आले. रुग्णाचा इतिहास घ्यायचा, छाती ठोकून पाहायची, स्टेथोस्कोप लावायचा, परीक्षकाला निष्कर्ष सांगायचा. आपण सगळ्यांनी दिलेली, हाताला घाम आणणारी तीच परीक्षा. त्या वॉर्डात येऊन गेलेल्या ६६ विद्यार्थ्यांचा मागोवा नंतर घेतला गेला. त्यातले १६ आजारी पडले.

तरुण ज्या कक्षात होता तिथे नक्की गेलेल्या २७ जणांपैकी १० जणांना सार्स झाला. तिथे न गेलेल्या २० जणांपैकी एकाला. म्हणजे सातपट धोका. जवळ गेल्याने धोका वाढतो हे यातून उघड दिसतं. पण त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला अस्वस्थ करते: कक्षात असलेले, पण रुग्णापासून एक मीटरच्या आत न गेलेले ८ विद्यार्थी होते, आणि त्यातले ४ आजारी पडले. 'मी हात लावला नाही, मी लांबून पाहिलं' याचा भरवसा किती धरायचा, ते हा आकडा सांगतो.

यावरून कुणी 'मग खाटेजवळ जायलाच नको' असा अर्थ काढला तर तो उलटा धडा होईल. करोनाच्या पहिल्या महिन्यांत आपल्याकडे काही ठिकाणी तसंच झालं. राउंड दारातून व्हायची, ऑक्सिजनचा आकडा लांबून वाचला जायचा, आणि रुग्ण धापा टाकतोय हे फाइलमध्ये कुठेच नसायचं. भीतीने तपासणी टाळली की रुग्णही जातो आणि संसर्गही सापडत नाही.

सहा दिवसांनंतर

१० मार्चला एकाच वॉर्डातले दहाहून अधिक कर्मचारी एकदम आजारी असल्याचं लक्षात आलं. लक्षण त्या तरुणाच्या छातीत नव्हे, ड्यूटीच्या तक्त्यावर दिसलं. दुसऱ्या दिवशी तापाच्या कर्मचाऱ्यांना बोलावून तपासलं गेलं आणि रात्रीपर्यंत वीसहून अधिक जणांना त्यांच्याच रुग्णालयात दाखल करावं लागलं. १२ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने जगाला इशारा दिला. माग काढत काढत १३ मार्चच्या सुमारास सगळे त्या तरुणापर्यंत पोचले. तोवर वाफेचे सात दिवस झाले होते. तो पुढे बरा झाला.

१३८ जणांत ६९ जण रुग्णालयाचे होते: २० डॉक्टर, ३४ परिचारिका, १५ इतर कर्मचारी. १६ विद्यार्थी. उरलेले ५३ रुग्ण आणि भेटायला आलेले. परिचारिका सर्वांत जास्त का, हे कुठल्याही सिस्टरला समजावून सांगावं लागत नाही. मास्क कोण लावतं, थुंकी कोण उचलतं, घाम कोण पुसतं?

विभागप्रमुख प्रा. जोसेफ सुंग यांनी उरलेल्या माणसांचे दोन गट केले. एक गट सार्सच्या रुग्णांजवळ जाणार, दुसरा अजिबात जाणार नाही. त्यांना 'डर्टी टीम' आणि 'क्लीन टीम' अशीच नावं पडली. नाव रांगडं आहे, पण नियम कुणालाही कळावा असा स्वच्छ. आपल्याकडे एकच मावशी सकाळी टीबीच्या खोलीत फरशी पुसतात आणि दुपारी नवजात बालकांच्या कक्षात चहा नेतात. मी हे पाहिलं आहे.

हाँगकाँगमधल्या ५ रुग्णालयांतल्या २५४ कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास त्याच वर्षी आला. मास्क, हातमोजे, गाऊन आणि हात धुणं, या चारही गोष्टी पाळल्याचं ६९ जणांनी सांगितलं. त्यातल्या एकालाही लागण झाली नाही. लागण झालेले १३ जण निदान एक तरी गोष्ट चुकले होते. कागदी मास्कचा मात्र ठोस उपयोग दिसला नाही. चार साध्या गोष्टी, पण चारही, आणि दर वेळी.

वॉर्डाबाहेरचं थोडक्यात सांगते. प्रिन्स ऑफ वेल्समध्ये उपचार घेणारा मूत्रपिंडाचा एक रुग्ण एमॉय गार्डन्स या वसाहतीत नातेवाइकाकडे गेला आणि तिथे ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. साथ सरली तेव्हा हाँगकाँगमध्ये १,७५५ रुग्ण आणि २९९ मृत्यू नोंदले गेले होते. रुग्णांपैकी ३८६ जण आरोग्यसेवेतले आणि वैद्यकीय विद्यार्थी होते. आरोग्यसेवेतले ८ जण गेले. त्यांतल्या ट्वेन मुन हॉस्पिटलच्या श्वसनरोग विभागातल्या डॉ. जोआना त्से यांनी सार्स वॉर्डाची ड्यूटी आपणहून मागून घेतली होती. १३ मेला त्या गेल्या. भारतात पहिली नोंद एप्रिल २००३ मध्ये गोव्यात झाली, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले, आणि शेवटच्या यादीत भारताच्या नावावर ३ संभाव्य रुग्ण राहिले, मृत्यू एकही नाही. आपण थोडक्यात वाचलो.

आपल्या खाटेजवळ

आपल्याकडे सार्स नाही, पण टीबी आहे, आणि तो बऱ्याचदा 'दमा', 'सीओपीडी' (श्वासनलिकांचा जुनाट आजार), 'जुना खोकला' अशा नावाखाली जनरल वॉर्डात येऊन पडतो. म्हणून वॉर्ड ८-ए चा क्रम मी आपल्या वॉर्डासाठी असा लावते.

हात लावण्याआधी, साधारण एक मीटरवरून, बोलायचं. त्याआधी रुग्णाच्या तोंडाला मास्क, आणि आपल्याही. खोकला किती दिवस, ताप संध्याकाळी येतो का, वजन, थुंकीत रक्त, घरात कुणाला, भेटलं कोण. हे विचारता विचारता डोळे छातीवर. वाक्य एका दमात पूर्ण होतं की तुटतं? मानेचे स्नायू ताणले जातायत? नाकपुड्या फुगतायत?

मग श्वास मोजायचे. चार्ट उघडून पाहा, वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांचा श्वासाचा वेग २० असतो. ताप असलेल्याचा २०, धापा टाकणाऱ्याचा २०, आणि कधी कधी डिस्चार्ज होऊन घरी गेलेल्याचाही २०. आपण मोजत नाही, लिहितो. मनगट नाडीसाठी धरल्यासारखं धरायचं, म्हणजे रुग्ण श्वास मुद्दाम बदलत नाही. नजर पांघरुणाच्या उंच-सखल होण्यावर, आणि घड्याळाचा काटा पूर्ण ६० सेकंद फिरू द्यायचा. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं की एका श्वासाची चूक चार होते.

ऐकायचं ते पाठीकडून, आणि रुग्णाला मान दुसरीकडे वळवायला सांगून. समोर उभं राहून 'जोरात खोका' म्हणायचं नाही. शिट्टी असेल तरच वाफेचा विचार, आणि सौम्य-मध्यम दम्यात शक्य तिथे स्पेसर (पंपापुढची पोकळ नळी) लावून पंप; तो वाफेइतकंच काम करतो. वाफ द्यावीच लागली तर खाट खिडकीकडे, शेजारची खाट लांब, एका रुग्णाला एकच मास्क आणि कप, आणि औषध पातळ करायला निर्जंतुक सलाइनच. नळाचं पाणी नाही. ओला कप तसाच पिशवीत गेला की त्यात जंतू वाढतात आणि पुढची वाफ ते थेट फुप्फुसात पोचवते.

गेल्या हिवाळ्यात पुरुष वॉर्डात रात्री साठीच्या पुढचे एक काका आले. कॅज्युअल्टीच्या कागदावर 'सीओपीडी, नेब दर ६ तासांनी'. माझी विद्यार्थिनी मशीनची वायर लावायला निघाली होती. मी म्हटलं, आधी काकांशी बोल. ती बोलली. खोकला दोन महिन्यांचा. वजनाचं विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, पायजम्याची नाडी दोनदा आवळली." घरात कुणाला? धाकट्या भावाला मागच्या वर्षी सहा महिने गोळ्या चालू होत्या. तिने श्वास मोजले, २८ भरले. कागदावर २० होते. मग पाठीकडून ऐकलं, उजवीकडे वर करकर, शिट्टी कुठेच नाही.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वाफेची ऑर्डर काढली, ऑक्सिजन नळीने सुरू झाला, काकांना मास्क दिला, मामांनी खाट ओढत टोकाच्या खिडकीशी नेली आणि खिडकी उघडली. थंडी होती, म्हणून एक घोंगडी जास्त दिली. सकाळच्या सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या तपासणीसाठी, थुंकीची डबी आणली. तिने डबीवर नाव आणि तारीख लिहिली, झाकण घट्ट केलं, हात धुतले आणि विचारलं, "मॅडम, मशीन कुठे ठेवू?"

"कपाटात. पण आधी कप बघ, ओला आहे का."

ओला होता. आधीच्या पाळीत कुणाला तरी वाफ देऊन तसाच ठेवलेला.